बीड रोडवरचा तो ट्रक

डिसेंबर २०२५ मधला इंडिगोचा गोंधळ आठवतोय ना? ५ डिसेंबरला एका दिवसात हजारावर विमानं रद्द. टीव्हीवर काय दिसत होतं? काउंटरमागे हात जोडून उभी असलेली विशी-पंचविशीतली पोरं, आणि त्यांच्यावर खेकसणारे प्रवासी. वैमानिकांना आठवड्याला ३६ ऐवजी सलग ४८ तास विश्रांती द्यायची, हा नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाला होता. शेवटचा टप्पा लागू झाला १ नोव्हेंबर २०२५ ला. माणसं नेमायला जवळपास दोन वर्षं होती. नेमायचं काम काउंटरवरच्या पोरांचं नव्हतं, पण शिव्या खाल्ल्या त्यांनीच.

ते बघताना मला २६ एप्रिल १९९३ आठवला. सोमवार होता. मी तेव्हा शाळेत. दुपारनंतर एसटी स्टँडवर एकच बातमी, औरंगाबादला विमान पडलं. आणि त्यासोबत लगेच दुसरं वाक्य, "ट्रक आडवा आला म्हणे." पुढं कित्येक वर्षं आमच्याकडं ही गोष्ट अशीच सांगितली गेली. जणू ट्रकवालाच रनवेवर घुसला होता.

तसं झालेलं नव्हतं. ट्रक त्याच्या रस्त्यानं चालला होता.

इंडियन एअरलाइन्सचं आयसी ४९१, बोइंग ७३७. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत औरंगाबादला आलेलं आणि पुढं मुंबईला निघालेलं. आत ११८ माणसं. एप्रिलची भर दुपार. उन्हानं हवा विरळ होते, तेव्हा भरलेल्या विमानाला उडायला जास्त धावावं लागतं. रनवेच्या टोकापलीकडून बीड रोड जात होता, आणि त्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक होता. विमान उशिरा उठलं, नीट वर गेलं नाही. डाव्या बाजूची चाकं आणि इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला धडकला. तसंच लंगडत ते काही किलोमीटर गेलं, विजेच्या उच्चदाबाच्या तारांना लागलं आणि वरुडीजवळ शेतात कोसळून पेटलं. ५५ जण गेले. ६३ वाचले, दोन्ही वैमानिकही वाचले. गेलेल्यांत व्हिडिओकॉनवाले नंदलाल धूत होते, त्यामुळं ते नाव आपल्याकडं अजून निघतं. बाकीच्यांची नावं त्यांच्या घरापुरती राहिली.

चौकशी झाली. अहवालात दोन कारणं आली. एक, वैमानिकांनी विमानाचं नाक उशिरा उचललं, आणि उचलायची पद्धतही चुकली. दोन, उड्डाणांच्या वेळेत बीड रोडवरची वाहतूक आवरायची राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची जबाबदारी होती, ती पार पाडली गेली नाही.

हे दुसरं कारण नीट वाचा. साध्या पॅसेंजर गाडीसाठी आपण फाटकावर दहा-पंधरा मिनिटं थांबतो, बैलगाडीवालाही थांबतो. इथं शंभरावर माणसं घेऊन विमान उठतंय आणि समोरच्या रस्त्यावरून मालाचे ट्रक खुशाल जाताहेत! लोकांच्या तोंडी मात्र राहिले पायलट आणि ट्रक. प्राधिकरणाचं नाव किती जणांना आठवतं? १९९५ मध्ये ते प्राधिकरण दुसऱ्या एका संस्थेसोबत विलीन होऊन आजचं भारतीय विमानतळ प्राधिकरण झालं. पाटीच बदलली.

आता भरपाईचं. १९२९ मध्ये वॉर्सा इथं आंतरराष्ट्रीय करार झाला. विमानधंदा तेव्हा रांगत होता, एका अपघातात कंपनी बुडू नये म्हणून एका प्रवाशामागं जास्तीत जास्त सव्वा लाख सुवर्ण फ्रँक अशी मर्यादा घातली गेली. धंदा मोठा झाला तरी मर्यादेची कल्पना सुटली नाही. देशातल्या देशातल्या प्रवासासाठी आपल्या सरकारनं रुपयांत आकडा ठरवला. २००० साली पाटण्याला विमान पडलं तेव्हा तो साडेसात लाख होता, त्र्याण्णवला त्याहूनही कमी. त्यापेक्षा जास्त हवे तर कोर्टात जा, आणि कंपनीनं जाणूनबुजून किंवा बेपर्वाईनं केलं हे सिद्ध करा. ज्याच्या घरातला कमावता माणूस गेलाय त्यानं!

२००९ पासून आपण माँट्रियल करारात आहोत. तो आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी, आणि वॉर्सापेक्षा पुष्कळ बरा. तरी २०१० च्या मंगळूर अपघातातल्या एका कुटुंबाला ७ कोटी ६४ लाखांचा आकडा सुप्रीम कोर्टातून मिळवायला मे २०२० उजाडला. घरातली पोरं तेवढ्यात शाळा संपवून कॉलेजात जातात.

अहमदाबादच्या २०२५ च्या अपघातानंतर टाटा समूहानं त्याच दिवशी मृतांच्या नातलगांना एक कोटी जाहीर केले. चांगली गोष्ट, श्रेय दिलंच पाहिजे. पण जुलैत प्राथमिक अहवाल आला, त्यात इंधनाच्या स्विचांबद्दल दोन वैमानिकांमधलं एवढंसं बोलणं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून चॅनेलवर खटला सुरू. आरोपी ठरलेले, दोघंही हयात नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्यातल्या एकाच्या ९१ वर्षांच्या वडिलांना सुप्रीम कोर्टानं सांगितलं की तुमच्या मुलाला कुणी दोषी धरलेलं नाही. त्या वयात एवढं ऐकायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

मीही पत्रकारच आहे, ब्रेकिंगची घाई मला माहितीय. "ट्रक आडवा आला" हे वाक्य मीसुद्धा एका जुन्या आठवणींच्या सदरात, अहवाल न बघता, छापलंय.

वरुडी भागातलं कुणी हे वाचत असेल, त्या दुपारी शेतात होतं असं घरात कुणी असेल, तर इनबॉक्समध्ये लिहा. यावेळी नीट विचारून लिहायचंय.