व्यवसायनियमांची संगणकीय प्रतिमाने

पेढी, कारखाना वा कार्यालय यांचा कारभार ज्या अटींवर चालतो, त्या अटी संगणकासाठी काटेकोरपणे मांडण्याच्या पद्धती. ‘बचत खात्यातील शिल्लक ठरावीक रकमेखाली जाता कामा नये’ हा अशा नियमाचा साधा नमुना होय. या पद्धतींचा इतिहास म्हणजे मुख्यत्वे असा नियम कोठे लिहावा, या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

प्रारंभी नियम आज्ञावलीतच लिहीत. रोख रक्कम देणे, धनादेश वटविणे, आकार वसूल करणे यांच्या आज्ञावल्या स्वतंत्र असत व प्रत्येकीत तोच नियम पुन्हा लिहावा लागे. मर्यादा बदलली आणि एखादी आज्ञावली दुरुस्त करावयाची राहिली, की एकाच खात्याला दोन नियम लागू होत.

यावरील एक उपाय माहितीच्या बाजूने आला. इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स (आयबीएम) या कंपनीतील एडगर एफ. कॉड (१९२३–२००३) यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यात माहिती कोष्टकांत ठेवतात व तिच्यावरील अटी माहितीसाठ्यालाच सांगता येतात. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये घटक व त्यांचे परस्परसंबंध आकृतीने दाखविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे ‘एका ग्राहकाची अनेक खाती’ यांसारखी विधाने संगणकतज्ञ नसलेल्या अधिकाऱ्यालाही तपासता येऊ लागली.

दुसरा उपाय नॉर्वेतून आला. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ऑले-योहान दाल व क्रिस्टन न्यूगोर यांनी ‘सिम्युला ६७’ ही भाषा निर्माण केली. तिचे मूळ रांगा, वाहतूक अशा व्यवहारांच्या अनुकरणात होते. कचेरीच्या हिशेबांशी तिचा आरंभी फारसा संबंध नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिच्यात माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकाच ‘वस्तू’त बांधल्या जातात. या वस्त्वभिमुख रचनेत शिल्लक अपुरी असल्यास पैसे देण्यास खाते ही वस्तूच नकार देते. नियम एकदाच, खात्याच्या वर्णनात लिहिला जातो.

मात्र दोन्ही उपाय एकत्र वापरताना अडचणी उद्‌भवतात. वस्तूंमधील वारसाहक्काला कोष्टकात थेट स्थान नाही. एखादी जुनी आज्ञावली वस्तूला वळसा घालून कोष्टकात परस्पर बदल करू शकते. ते टाळण्यासाठी नियम कोष्टकावरही लिहिला, तर जुनीच पुनरुक्ती परत येते. शिवाय ‘एका ग्राहकाची सर्व शाखांतील कर्जे मिळून अमुक रकमेपेक्षा अधिक नसावीत’ हा नियम कोणत्याही एका कर्जाच्या वस्तूचा नसतो. अशा नियमांकडे आकृत्या काढणाऱ्यांचे दुर्लक्षच अधिक झाले. १९९७ मध्ये मान्य झालेल्या एकीकृत प्रतिमानभाषेला (यूएमएल) त्यासाठीच अटी लिहिण्याच्या वेगळ्या भाषेची जोड द्यावी लागली.

पुढे नियम आज्ञावली व कोष्टके या दोहोंबाहेर, स्वतंत्रपणे नोंदण्याचा विचार बळावला. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रूप या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकात नियम प्रथम व्यवसायाच्या शब्दसंग्रहात व मर्यादित नैसर्गिक भाषेत लिहावयाचे असतात, म्हणजे त्यांची यथार्थता व्यवहार सांभाळणाऱ्यांनाच पारखता येते.