आधी गप्पा, मग चित्रपट

दिवाळीच्या फराळाभोवती घर जमले, की दोन विषयांवर हमखास वाद रंगतो. एक, चकली कोणाची अधिक खुसखुशीत. आणि दुसरा, आवडत्या कादंबरीवरून निघालेला चित्रपट मूळच्या तोडीचा उतरला की नाही. पहिल्याचा निकाल डबा रिकामा झाला की लागतो. दुसरा मात्र वर्षानुवर्षे चालतो. असल्या वादांना वडीलधारी मंडळी रिकामपणाचा उद्योग म्हणतात. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. आपल्या देशातील एका थोर चित्रपटाची पाळेमुळे अशाच गप्पांत सापडतात.

स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, १९४७ च्या ऑक्टोबरात, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे काही स्नेही यांनी ‘कलकत्ता फिल्म सोसायटी’ काढली. देशोदेशींचे चित्रपट मिळवावेत, एकत्र बसून पाहावेत आणि मग त्यांवर मनसोक्त बोलावे, एवढाच तिचा खटाटोप. राय तेव्हा एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते. आपल्या चित्रपटांचे काय चुकते, हे त्यांनी १९४८ साली एका लेखात परखडपणे मांडले. ‘नावे ठेवणे सोपे, करून दाखवा’ हे उत्तर अशा टीकाकाराला ठरलेलेच असते. रायांनी करून दाखवले!

त्यांनी निवडली ती विभूतिभूषण बंदोपाध्यायांची ‘पथेर पांचाली’. १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीच्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे रायांनीच रेखाटली होती. १९५० साली कंपनीच्या कामाने लंडनला गेले असता त्यांनी डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. नामांकित नटांवाचून, खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर चित्रपट होऊ शकतो, हे त्यांच्या मनाने घेतले. १९५२ साली चित्रीकरण सुरू झाले आणि पैसे संपले. पत्नीचे दागिने गहाण पडले. अखेर पश्चिम बंगालच्या सरकारने मदत केली. ‘पथेर’ म्हणजे रस्त्याचे, म्हणून की काय, तो खर्च दफ्तरी रस्तेसुधारणेच्या नावावर पडला! शेवट जरा सुखाचा करा, असा सरकारी सल्लाही आला. रायांनी तो मानला नाही. १९५५ साली कलकत्त्यात चित्रपट लागला आणि पुढच्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला.

पण मग राय कादंबरीशी अक्षरशः एकनिष्ठ राहिले काय? मुळीच नाही. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण लवकरच निघून जाते. रायांनी तिला पुष्कळ काळ जिवंत ठेवले. कादंबरीतल्या दुर्गेची आगगाडी पाहण्याची हौस अपुरीच राहते. चित्रपटात ती आणि अपू काशफुलांच्या रानातून गाडीच्या दिशेने धावतात. लोकांना बरे वाटावे म्हणून केलेला बदल आणि कथेचा जीव ओळखून केलेला बदल, यांत हे अंतर असते. ते ओळखण्याची नजर रायांनी पुस्तके वाचून, चित्रपट पाहून आणि मित्रांशी भांडून कमावली होती.

महाराष्ट्रालाही हा वाद नवा नाही. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी १९३७ साली ‘कुंकू’ काढला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आचार्य अत्र्यांनी १९५३ साली पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांतून जब्बार पटेलांचा एकच ‘सिंहासन’ १९७९ साली उभा राहिला. पटकथा विजय तेंडुलकरांची. दोहोंतले काय घ्यावे आणि काय सोडावे, यावर कितीही रात्री जागवाव्यात.

कलकत्त्याचे ते रोपटे पुढे फोफावले. १९५९ साली अशा मंडळांचा देशव्यापी महासंघ झाला आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. १९६४ साली पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, तर १९६८ साली मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झाले. एके काळी एका परदेशी चित्रपटासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे; आज तो खिशातल्या फोनवर येतो. गैरसोय गेली, हे उत्तमच. पण घरातली चार माणसे चार कोपऱ्यांत चार चित्रपट पाहू लागली, तर वाद घालायचा कोणाशी? आणि वादावाचून नजर तयार व्हायची कशी?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत एक कादंबरी घरातल्या सर्वांनी वाचावी, तिचा चित्रपट सर्वांनी मिळून पाहावा, आणि मग खुशाल भांडावे. आजीचे मत आधी ऐकावे. इंदिर ठाकरुणविषयी तिला जे सांगता येईल, ते इतरांच्या ध्यानात यायला अजून अवकाश आहे.