वेदीच्या अलीकडची माणसे

वसईच्या मातीत जन्मलेले आणि पुढे संतपदाला पोहोचलेले गोन्सालो गार्सिया हे धर्मगुरू नव्हते, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. तरुणपणी ते येशूसंघीय धर्मगुरूंसोबत जपानला गेले, तेथील भाषा शिकले, धर्मशिक्षक म्हणून त्यांच्या हाताखाली राबले आणि काही काळ त्यांनी व्यापारही केला. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले ते ‘बंधू’ म्हणून. गुरुदीक्षा त्यांना कधीच मिळाली नाही. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे पथक जपानमध्ये उतरले, तेव्हा त्यांच्या तोंडची भाषा म्हणजे हे वसईकर बंधूच होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत धर्मगुरूंच्या शेजारी त्यांचा हा दुभाषाही होता. १८६२ साली त्यांना संत म्हणून घोषित करण्यात आले.

धर्मगुरूच्या पाठीशी उभे राहणाऱ्या माणसाचे नाव इतक्या ठळकपणे नोंदले जाण्याचा योग विरळाच. एरवी ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हणजे बिशप, धर्मगुरू आणि धर्मसंघ यांचा इतिहास. चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी पाटीवर कोरली जातात ती धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंची नावे. वेदीच्या अलीकडे गुडघे टेकून बसलेल्या माणसांची नावे फार तर स्नानसंस्काराच्या व मृत्यूच्या नोंदवहीत सापडतात. मराठी शाळांत शिकलेल्या हजारो विद्यार्थ्यांना त्यांचे फादर आणि त्यांच्या सिस्टर आठवतात. त्या फादरांच्या आणि सिस्टरांच्या ताटात भाकरी कुठून येत होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वसईत आरंभी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढील दोनशे पाच वर्षे धर्मगुरूंच्या निर्वाहाचा भार पोर्तुगालच्या राजाने उचलला. राजाश्रयाच्या या व्यवस्थेला ‘पाद्रोआदो’ म्हणत. चर्च बांधावे राजाने, धर्मगुरूंना वेतन द्यावे राजाच्या खजिन्यातून, आणि मोबदल्यात नेमणुकांचा अधिकारही राजाकडेच राहावा, असा हा सौदा होता. मोठ्या धर्मसंघांच्या हाती गावे आणि माडबागा होत्या. वसईच्या किल्ल्यात आजही फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघीय यांच्या मठांचे जे अवशेष उभे आहेत, त्यांची भव्यता या व्यवस्थेची साक्ष देते. लोकांचे काम तेव्हा हजर राहण्याचे होते.

तरीही याच काळात एक संस्था रुजली, जिचे महत्त्व पुढे कळले. गावोगावच्या चर्चमध्ये ‘कोंफ्रारिया’ स्थापन झाल्या. या प्रापंचिकांच्या बंधुसंस्था. सभासदांनी वर्गणी द्यावी, वेदीवरच्या दिव्याला तेल पुरवावे, सणाचा खर्च वाटून घ्यावा, सभासद वारला तर अंगावर झूल घेऊन त्याच्या अंत्ययात्रेत चालावे आणि त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा मागावी, असा त्यांचा शिरस्ता होता. सोबत ‘फाब्रिका’, म्हणजे चर्चची मालमत्ता व जमाखर्च पाहणारी व्यवस्था. तिचे कारभारी गावातलेच. हिशेब लिहिणे, कौले बदलणे, माडांचा मक्ता देणे ही कामे गावकरी शिकले ती येथे. अनेकदा या संस्थांत मानपानाची भांडणे होत. पहिला दंड कुणी धरायचा, यावरून गावात दोन तट पडत. पण भांडणे होतात ती आपल्या वाटणाऱ्या गोष्टींवरूनच.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्मस्वातंत्र्याची तरतूद होती आणि मराठी राज्यात ती एकंदरीने पाळली गेली. परंतु पोर्तुगीज सैन्याबरोबर युरोपीय धर्मसंघही निघून गेले. किल्ल्यातील मठ ओस पडले. राजाचे वेतन थांबले. दोन शतके ज्या छपराखाली सारे चालले होते, ते छप्परच एका ऋतूत उडाले.

आता समाज विखुरला जाईल, असे कुणालाही वाटले असते. तसे झाले नाही. गोव्याच्या आर्चबिशपांनी उत्तरेकडे गोमंतकीय धर्मगुरू पाठविले. त्यांच्यामागे खजिना नव्हता, तोफा नव्हत्या, मोठ्या संघाची पुण्याईही नव्हती. त्यांना राहायला घर, जेवायला तांदूळ आणि प्रवासाला होडी देणारे होते ते गावचे शेतकरी, बागायतदार आणि कोळी. अठराव्या शतकाच्या मध्यावर साष्टीत फिरलेला फ्रेंच प्रवासी आंकेतील दुपेराँ याला मराठी अमलाखाली ख्रिस्ती सण उघडपणे आणि थाटात साजरे होताना दिसले. वेदीवर एतद्देशीय धर्मगुरू होते आणि समोर हजारोंचा समुदाय. तो थाट कोणत्याही दरबाराच्या पैशाने उभा नव्हता. धर्मगुरूला पोसण्याची जबाबदारी राजाकडून रयतेकडे आली, ती याच काळात.

ती कशी निभावली गेली, याची एक खूण अजून शिल्लक आहे. भाताच्या नव्या लोंब्या कापून वाजतगाजत चर्चमध्ये नेण्याचा सण म्हणजे ‘आगेरा’. ऑक्टोबरच्या आरंभी धर्मगुरू लोंब्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरोघरी जपून ठेवल्या जातात. आज हा सण सांस्कृतिक सोहळा म्हणून ओळखला जातो. पण ज्या धर्मगुरूचे पोट गावच्या भातावर अवलंबून होते, त्याच्यासाठी आणि गावासाठी त्या लोंबीचा अर्थ सरळ होता. देवाचा वाटा, गुरूचा वाटा आणि घरचा वाटा एकाच शेतातून निघत असे. केरळमधील ख्रिस्ती घरांत रोज भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढून चर्चसाठी ठेवण्याची ‘पिडीअरी’ नावाची रीत होती. तिचा आणि आगेराचा भाव वेगळा नाही.

अर्थात जो पोसतो, तो हक्कही सांगतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई परिसरात पाद्रोआदोचे धर्मगुरू आणि रोमच्या ‘प्रोपागांदा’ या विभागाने नेमलेले धर्मगुरू यांच्यात अधिकाराचा दीर्घ कलह चालला. त्यात प्रापंचिक बघे राहिले नाहीत. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप अनास्तासियुस हार्टमन यांना पाद्रोआदोच्या समर्थक धर्मग्रामस्थांनी कित्येक दिवस कोंडून घातले. बिशप मरेन पण चर्च सोडणार नाही, या निश्चयाने आत बसून राहिले, आणि शेवटी सरकारला मध्ये पडावे लागले. हा प्रसंग लपविण्याजोगा मानला जातो. तो तसा मानू नये. आपल्या धर्मगुरूंसाठी बिशपशी वैर पत्करणारी माणसे चुकली असतील, उदासीन मात्र नव्हती. हा दुहेरी कारभार टप्प्याटप्प्याने कमी होत गेला आणि १९२८ च्या करारानंतर वसई-साष्टीचा प्रदेश मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली आला.

मदतीचा ओघ एकाच दिशेने वाहत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. वसईचा बागायतदार सावकारी पाशात अडकलेला होता, तेव्हा १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक पतपेढीची स्थापना केली. आजची बसीन कॅथॉलिक सहकारी बँक ती हीच. ज्यांनी धर्मगुरूला तांदूळ दिला, त्यांच्या जमिनी वाचविण्याचा मार्ग एका धर्मगुरूने दाखविला, आणि हिशेब राखण्याची कोंफ्रारियांतली जुनी सवय तेथे कामी आली असावी, असे मानायला जागा आहे.

वसईपासून दूर, देशावर, हीच कथा वेगळ्या रूपात घडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन येशूसंघीयांनी अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर अशी केंद्रे उभारली. येथे ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबे महार व मांग समाजातील, भूमिहीन किंवा अल्पभूधारक. त्यांच्याकडे देण्यासारखे धान्यही नव्हते. त्यांनी दिली ती माणसे. प्रत्येक वाडीवर एक ‘मास्तर’ असे. दिवसा तो मुलांना अक्षरे व पाढे शिकवी, संध्याकाळी प्रार्थना घेई, आजाऱ्याजवळ बसे, मरणाऱ्याची खबर मैलोगणती चालत जाऊन फादरांना पोहोचवी. फादर घोड्यावरून महिन्या-दोन महिन्यांनी येत. मधले सगळे दिवस मास्तरचे असत. ग्रामीण महाराष्ट्रात कितीएक वस्त्यांवर शाळा आणि देऊळ ही दोन्ही एकाच झोपडीत, एकाच माणसाच्या आधाराने चालली. मराठी माध्यमाच्या मिशन शाळांचा वंश शोधू गेले तर तो या झोपडीपर्यंत पोहोचतो.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मन धर्मगुरू एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने कित्येकांची मायदेशी रवानगी झाली. १९०३ मध्ये ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू करणारे हेन्री डोरिंग तोवर पुण्याचे बिशप झाले होते. युद्धामुळे त्यांनाही आपल्या धर्मप्रांतात परतता आले नाही. मधली काही वर्षे त्यांनी जपानमध्ये हिरोशिमा येथे सेवा केली आणि नंतर ते पुन्हा पुण्यास आले. १७३९ मध्ये वसईत घडले तेच येथे पुन्हा घडले होते: सरकार बदलले नाही, पण धर्मगुरू गेले. मागे राहिलेल्या मोजक्या धर्मगुरूंच्या जोरावर ही विस्तीर्ण केंद्रे टिकणे अशक्य होते. ती टिकली, कारण मास्तर जागेवर होते.

परदेशी धर्मगुरूंवर विसंबून राहण्यातला धोका युरोपातही काहींनी वेळीच ओळखला होता. नागासाकीचे फ्रेंच बिशप कुझँ यांनी १८८९ मध्ये फ्रान्समधील काँ शहरातील जान बिगार नावाच्या तरुणीला पत्र लिहिले: जपानी तरुण धर्मगुरू होऊ इच्छितात, पण त्यांच्या शिक्षणाला पैसा नाही, त्यांना परत पाठवावे लागेल. गोन्सालो गार्सिया ज्या गावी मरण पावले, त्याच गावची ही हाक. जान आणि तिची आई स्तेफानी या दोघी प्रापंचिक स्त्रियांनी स्वतःची मिळकत त्यात घातली, दारोदार वर्गणी मागितली आणि प्रेषित पेत्र संस्था उभी केली. १९२२ मध्ये पोपमहोदयांनी तिला आपल्या अखत्यारीतील संस्थेचा दर्जा दिला, आणि मिशनप्रदेशांतील स्थानिक उमेदवारांच्या शिक्षणाला तिने हातभार लावला. भारतासाठी तेराव्या लिओ पोपनी १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे गुरुविद्यालय स्थापले. १९५५ मध्ये ते पुण्यात नगर रस्त्यावर आणण्यात आले. देशभरातील किती धर्मगुरू तेथून शिकून गेले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

याच हेतूने १९३५ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात चार व्यावसायिक गृहस्थ एकत्र आले. त्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस्कन मिशनरी हुनिपेरो सेरा यांचे नाव आपल्या मंडळाला दिले. उद्देश दोनच: तरुण-तरुणींच्या मनातील दैवी पाचारणाला खतपाणी घालणे, आणि जे धर्मगुरू वा धर्मभगिनी झाले आहेत त्यांना एकटे पडू न देणे. १९५१ मध्ये रोमने या मंडळाला गुरुपाचारणाच्या कार्याशी अधिकृतपणे जोडून घेतले. आज ते अनेक देशांत आणि भारतातही काम करते. अशा मंडळांचे काम पाहू गेल्यास डोळ्यांत भरण्यासारखे काही नसते: उमेदवाराच्या फीची तजवीज, दीक्षादिनाची आठवण, निवृत्त धर्मगुरूंच्या भेटी, आजारी सिस्टरला दवाखान्यात नेणारी गाडी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला आणि हे काम दुय्यम नाही असे स्पष्ट शब्दांत मांडले. वसईच्या कारभाऱ्यांना आणि नगरच्या मास्तरांना ते सांगण्याची गरज नव्हती.

धर्मभगिनींच्या बाबतीत ही बाजू आणखी झाकलेली राहते. शाळेत शिकविणाऱ्या सिस्टरला अनुदानित शाळेचा पगार मिळतो, म्हणून तिला कशाची ददात नाही, असा समज पालकांत सर्रास आढळतो. दारिद्र्यव्रतामुळे तो पगार तिच्या हाती राहत नाही, तो संघाच्या सामायिक निधीत जातो. त्यातून वृद्ध भगिनी, अनाथालये, दूरच्या पाड्यांवरचे दवाखाने चालतात. मठात पाणी येत नाही, छत गळते, पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा धावून येतो तो शेजारचा एखादा माजी विद्यार्थी. अशा विद्यार्थ्यांची यादी कुणी ठेवलेली नाही.

२२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ज्या भूमीत १७३९ मध्ये धर्मगुरू बाहेरून आणावे लागले, ती एव्हाना इतर प्रांतांना धर्मगुरू आणि धर्मभगिनी देऊ लागली होती. मराठी माध्यमात शिकलेली मुले त्यांत मोठ्या संख्येने होती. आता घरात एक-दोनच मुले असतात, ती इंग्रजी शाळेत जातात आणि पुढे परदेशी; गुरुविद्यालयाकडे वळणारे पाय कमी झाले आहेत, मठांतल्या सिस्टरांचे सरासरी वय वाढते आहे. धर्मगुरू या वेळी कुणी हाकलून दिलेले नाहीत. ते घरांतून निघतच नाहीत, आणि त्यावर होडी किंवा तांदूळ देऊन उपाय होण्यासारखा नाही. मराठी शाळेचे रिकामे बाक आणि गुरुविद्यालयाच्या रिकाम्या खोल्या ही एकाच घरात घेतलेल्या निर्णयांची दोन टोके आहेत, हे मान्य करणे पालकांना जड जाते.

मुंबईच्या गावठाणांत भातशेती जवळपास उरलेली नाही. आगेराच्या सणाला लोंब्या आता बाहेरगावाहून विकत आणाव्या लागतात. बायका लुगडी नेसून त्या डोक्यावर घेतात, बेंडबाजा लागतो, मिरवणूक चर्चच्या दारापाशी थांबते आणि धर्मगुरू पायऱ्या उतरून त्या हातात घेतात.