इंजिनकाम निघालंय! किर्लोस्करवाडी ते क्लासिक ३५०

आजचा भाग बुलेटवाल्यांसाठी, जावावाल्यांसाठी आणि ज्यांच्या घरात 'घेऊ का नको' यावर अजून मीटिंगा चालू आहेत त्यांच्यासाठीसुद्धा.

नवी क्लासिक दारात आली, पेढे वाटून झाले, की आठवड्याभरात पहिला प्रश्न ठरलेला. "इंजिनमधून टिकटिक आवाज येतोय, नॉर्मल आहे ना?" मग मित्र सांगतो टॅपेट आहे, काका सांगतात चेन आहे, आणि चौकातला एक जण हमखास सांगतो, "जुन्या बुलेटचं लोखंड राहिलं नाही आता." या वाक्यात किती तथ्य आहे, ते आज बघू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल, मोटरसायकलच्याही मागं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढं ते लोखंडी नांगराकडे वळले. आज आपण ज्याला भक्कमपणाचं दुसरं नाव समजतो, त्या लोखंडावर तेव्हा शेतकऱ्याचा विश्वासच नव्हता. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. आजच्या सांगली जिल्ह्यातली. १९२६ मध्ये तिथं पंप बनायला लागले. तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि १९३० च्या दशकात तिथं डिझेल इंजिन तयार झालं, देशातल्या अगदी पहिल्या इंजिनांपैकी. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत.) १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि कृष्णाकाठच्या विहिरींवर मोटेच्या जागी इंजिन धडधडायला लागलं.

आता विचार करा. ऐन मे महिन्यात इंजिन बंद पडलं तर ऊस वाळणार. कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायला वेळ कुणाकडे? त्यामुळं गावात इंजिन खोलणारा माणूस असावाच लागायचा. किर्लोस्करच्या गाजलेल्या एव्ही-१ मॉडेलचं उदाहरण घ्या: एक सिलिंडर, ८० मिलिमीटरचा बोअर, ११० मिलिमीटरचा स्ट्रोक, पाच हॉर्सपॉवर, मिनिटाला १५०० फेरे. लांब स्ट्रोक, कमी फेरे, जड फ्लायव्हील.

आणि जुनी ३५० बुलेट? तीही एकाच सिलिंडरची. ७० चा बोअर, ९० चा स्ट्रोक. फेरे अर्थातच जास्त आणि इंधन पेट्रोल, पण घराणं तेच. म्हणून मला वाटतं की आपल्याकडच्या फिटरला बुलेट परकी वाटलीच नसणार. पंपाचं इंजिन बांधणारा हात बुलेटवर सहज बसला असेल.

बुलेट आली सैन्यामुळं. सरकारनं सीमेवरच्या गस्तीसाठी ती पसंत केली, १९५५ मध्ये मद्रास मोटर्ससोबत एन्फिल्ड इंडिया कंपनी झाली, आणि सुरुवातीला इंग्लंडहून येणारे सुटे भाग हळूहळू इथंच बनायला लागले. गंमत म्हणजे मूळची इंग्लिश कंपनी १९७० च्या आसपास संपली, इथली चालू राहिली.

आता खरं बोलू. ती जुनी बुलेट भरवशाची होती का? आजच्या मापानं बिलकुल नाही. सकाळी अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, डीकॉम्प्रेसर दाबायचा, मग किक. चुकलं तर किक उलटी बसायची आणि माणूस दोन दिवस लंगडायचा. खाली ऑइलचे थेंब कायमचे. पॉइंट साफ करा, टॅपेट सेट करा, क्लच केबल खिशात ठेवा. बिग एंडला बेअरिंगऐवजी फ्लोटिंग बुश, म्हणजे ऑइल बदलायला आळस केला की इंजिनकाम निघालंच.

पण त्या मालकाला धास्ती नव्हती. गाडी बंद पडणार हे त्याला माहीत होतं, आणि बंद पडली तर कराडला, इस्लामपूरला, विट्याला, कुठंही चार पान्यांत ती उघडेल हेही माहीत होतं. येझदीचंही तेच. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, तरी गाड्या पुढं कित्येक वर्षं फिरत राहिल्या, त्या गॅरेजवाल्यांच्या जिवावर.

२००९ मध्ये क्लासिक आली ती ॲल्युमिनियमचं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं नवं इंजिन घेऊन. प्रदूषणाच्या नियमांपुढं जुनं ओतीव लोखंडी इंजिन टिकणार नव्हतं. २०१८ मध्ये जावा परत आली, पण टाकीखाली लिक्विड कूल्ड इंजिन. २०२० मध्ये बीएस-६ आलं, कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. त्याच वर्षी मेटिऑरमध्ये आणि २०२१ मध्ये क्लासिकमध्ये नवं ३४९ सीसी इंजिन आलं. पुशरॉड गेले, कॅम वर गेला. स्ट्रोक मात्र अजून लांबच, ८५.८ मिलिमीटर. डुगडुग त्यामुळंच शिल्लक आहे.

चेहरा आजोबांचा, आतलं सगळं नातवाचं. आणि नातू आजारी पडला तर गावातल्या वैद्याला नाडी सापडत नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एन्फिल्डनं सुमारे २ लाख ३७ हजार गाड्या इग्निशन कॉइलच्या दोषासाठी परत बोलावल्या. दोष एका छोट्या भागाचा. जुन्या काळी कॉइल गेली तर फिटर दुसरी लावायचा आणि विषय संपायचा, फक्त तोच दोष हजारो गाड्यांत आहे हे कुणालाच कळलं नसतं. आता कंपनी स्वतः कळवते, भाग फुकट बदलते, आणि तरीही मालक घाबरतो. कारण मीटरवर पिवळा दिवा लागला की पाना उपयोगाचा नाही, स्कॅनर लागतो. बाहेर इंजिन उघडलं तर वॉरंटीचा प्रश्न. म्हणजे गाडी कमी बिघडते, पण बिघडली तर आपल्या हातात काही नाही. "लोखंड राहिलं नाही" म्हणणाऱ्याला हेच बोचतं, असं माझं मत. लोखंडाचा दोष नाही.

बरं, ती टिकटिक. व्हॉल्व्हला थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर तो नीट बंद होणार नाही. २००९ च्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांत ऑइल भरेपर्यंत सकाळी आवाज येऊ शकतो. हलका, एकसारखा, गाडी गरम झाल्यावर कमी होणारा आवाज असेल तर झोप घालवू नका. पण खंबाटकी चढताना, डबल सीट, थ्रॉटल दिल्यावर खालून जड ठोका येत असेल, तर आधी ऑइलची पातळी बघा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. सर्व्हिस सेंटरला गेल्यावर तो आवाज हमखास गायब असतो.