माझगांवच्या विनाशिकांची कालनिश्चिति

पोथीच्या शेवटीं शक, तिथि व वार दिलेला असला म्हणजे संग्राहकास समाधान वाटतें. परंतु तो शक ग्रंथरचनेचा कीं नकलेचा, हें ठरविल्यावांचून त्याचा उपयोग करतां येत नाहीं. युद्धनौकेच्या बाबतींत हाच घोटाळा होतो. एकाच नौकेस निरनिराळ्या कागदांत निरनिराळीं वर्षें दिलेलीं आढळतात, आणि तीं सर्वच खरीं असतात. मुंबईस माझगांवच्या गोदींत बांधलेल्या विनाशिकांच्या आधारें या प्रकाराचा उलगडा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विनाशिकांपैकीं पहिली ‘दिल्ली’. तिचा कणा, म्हणजे कोंकणांतील तारवेकऱ्यांची पठाण, ता. १४ नोव्हेंबर १९८७ रोजीं घातला गेला; ता. १ फेब्रुवारी १९९१ रोजीं ती पाण्यांत लोटली, आणि ता. १५ नोव्हेंबर १९९७ रोजीं, म्हणजे कणा घातल्यापासून बरोबर दहा वर्षें व एक दिवस लोटल्यावर, ती नौदलांत दाखल झाली. येथें नांवाचाही एक फेरा आहे. हिच्यापूर्वीं त्याच नांवाची एक क्रूझर आपल्या आरमारांत होती. मूळची ती ‘अकिलीझ’. १९३९ सालीं प्लेट नदीच्या मुखाशीं झालेल्या लढाईंत ती लढली, ता. ५ जुलै १९४८ रोजीं ‘दिल्ली’ झाली व १९७८ सालीं निवृत्त झाली. ‘म्हैसूर’ची कथा तशीच: १९५७ ची ती पूर्वाश्रमीची ‘नायजेरिया’ क्रूझर, व १९९९ ची ती माझगांवची विनाशिका. तेव्हां केवळ नांव पाहून ढाल अथवा छायाचित्र विनाशिकेच्या खातीं घालणें धोक्याचें आहे.

आतां मुख्य मुद्दा. जलावतरणाचा समारंभ मोठा प्रेक्षणीय असतो. अथर्ववेदांतील मंत्र म्हटले जातात, नाळीवर नारळ फुटतो, सुवासिनीच्या हस्तें नांव ठेविलें जातें, आणि नौका उतरणीवरून पाण्यांत जाते. छापील पत्रिका, छायाचित्रें, वृत्तपत्रांचे रकाने सर्व या दिवसाचे; संग्रहांतही तेच शिरतात. परंतु त्या दिवशीं पाण्यांत जातें तें बहुतांशीं सांगाड्याचेंच रूप. रडार, तोफा, क्षेपणास्त्रें, तारा व नळ यांचें जाळें पुरें होणें हें मागाहूनचें काम, आणि खरा इतिहास त्यांत घडतो. ‘दिल्ली’च्या बांधणीचीं सव्वातीन वर्षें जलावतरणापूर्वींचीं, व पावणेसात वर्षें त्यानंतरचीं आहेत. कारण उघड आहे. ही नौका प्रथम ‘गोदावरी’ वर्गाच्या फ्रिगेटांची पुढची आवृत्ति म्हणून कल्पिली होती. सोव्हिएट सरकारनें वायु-टर्बाइनें देऊं केल्यावर तिचा आराखडा बदलला. तीं टर्बाइनें युक्रेनमधील मिकोलायिव्ह येथील. पण डिसेंबर १९९१ मध्यें सोव्हिएट संघच विसर्जित झाला. ज्या एका राज्याशीं व्यवहार चालला होता, त्याचीं अनेक राज्यें झालीं, व सामग्री मिळण्यास विलंब लागला. या काळाचा साक्षी कोणता? जलावतरणाची सोनेरी पत्रिका नव्हे. तर गोदींतील यादी, तपासणीचे अहवाल, मागणीचीं पत्रें. हीं रद्दींत जातात.

पुढील विनाशिकांमुळें आणखी एक सूत्र हातीं येतें. नौदलांत दाखल होईपर्यंत नौका गोदीच्या अनुक्रमांकानेंही ओळखली जाते. ‘विशाखापट्टणम्’ ती १२७०४, ‘मुरगांव’ १२७०५, ‘इंफाळ’ १२७०६ व ‘सुरत’ १२७०७. ‘मुरगांव’ ता. १७ सप्टेंबर २०१६ रोजीं पाण्यांत उतरली, ता. १९ डिसेंबर २०२१ रोजीं, गोमंतकाच्या मुक्तीस साठ वर्षें पुरीं झालीं त्याच दिवशीं, प्रथम समुद्रांत गेली, ता. २४ नोव्हेंबर २०२२ रोजीं गोदीनें ती नौदलाच्या स्वाधीन केली, व ता. १८ डिसेंबर २०२२ रोजीं कप्तानानें सनद वाचून तिच्यावर निशाण चढविलें. स्वाधीनतेची तारीख गोदीच्या हिशेबाची, सनदेची तारीख आरमाराची. मुहूर्तासाठीं निवडलेल्या दिवसावरून कामाच्या प्रगतीचें अनुमान काढूं नये, हेंही यावरून दिसेल. आरमारी इतिहासास आम्ही सनदेचा दिवस प्रमाण मानतों; सनदेपूर्वीं ती युद्धनौका नसून गोदीचा माल असते.

मुंबईच्या जुन्या बांधणीचें उदाहरण येथें मननीय आहे. वाडियांनीं सागवानी लांकडाची बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरली व आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरती आहे. पारशी रीतीप्रमाणें तिच्या कण्यांत रुप्याचा खिळा ठोकण्याचा विधि ता. २५ एप्रिल १८१६ चा. परंतु तिची मागणी १८१२ चीच. नकाशे घेऊन येणारी ‘जावा’ फ्रिगेट त्या वर्षाअखेर ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’नें जिंकून जाळली, आणि दुसरी प्रत येईपर्यंत काम अडलें. एक बंडल कागद बुडाले, त्याची किंमत वर्षांत मोजावी लागली.

यास्तव संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, नौकेच्या कागदावर टांचण करितांना नुसतें वर्ष न लिहितां तें कण्याचें, जलावतरणाचें, स्वाधीनतेचें कीं सनदेचें हें नोंदवावें, व गोदीचा अनुक्रमांक असल्यास तो प्रथम लिहावा. नांव नसलेला, १२७०५ एवढाच आंकडा असलेला मळका तक्ता हातीं आल्यास तो टाकून देऊं नये. तो ‘मुरगांव’चा आहे.