शापाचा भूगोल : ग्रेची कविता, मार्टिनचे चित्र

पहिल्या एडवर्डने तेराव्या शतकाच्या अखेरीस वेल्स जिंकल्यावर तेथील चारणकवींची कत्तल केली आणि अखेरच्या कवीने कॉनवे नदीवरील कड्यावरून राजाला शाप देत उडी घेतली, ही आख्यायिका थॉमस ग्रेच्या ‘द बार्ड’ (१७५७) या कवितेचा आधार होय. या कत्तलीला समकालीन पुरावा नाही. कवितेचे त्याने फारसे बिघडत नाही. तिचा गाभा घटना नसून वाणी आहे. प्लँटॅजेनेट घराण्याचा ऱ्हास आणि वेल्शवंशीय ट्यूडरांचा उदय, असा सुमारे तीन शतकांचा काळ त्या शापात सामावतो.

चित्राच्या वाट्याला मात्र एकच क्षण येतो, हे लेसिंगने ‘लाओकून’मध्ये (१७६६) दाखविलेच होते. थॉमस जोन्सने १७७४ मध्ये कवीलाच अग्रभागी उभे केले. जॉन मार्टिनने १८१७च्या सुमारास नेमके उलटे केले : कवी इवलासा, आणि शापाचा सारा भार दरी, कडे व आल्प्सची आठवण देणाऱ्या शिखरांवर. (वेल्समधील सर्वोच्च शिखर, स्नोडन, १०८५ मीटरच उंच आहे.) ही अतिशयोक्ती भडक खरीच, पण ती कवितेचे एक वाचनही आहे. काळाचा विस्तार मार्टिन अवकाशाच्या विस्तारात रूपांतरित करतो.

त्याची किंमतही पडते. कवितेत शाप खरा ठरण्यासाठी इतिहास घडावा लागतो. चित्रात निसर्गाने तो आधीच मान्य केलेला दिसतो. शिवाय कवितेत आरोप बव्हंशी कवीच्याच तोंडी राहतो. चित्रात सैन्य, किल्ला, नदी साक्षात दिसतात आणि पुरावा नसलेल्या कत्तलीला साक्षीदार मिळतात.