घरावरची डिश आणि गावाजवळचा मनोरा



गटाच्या मासिक बैठकीत बचत, हप्ते, व्याज सगळं लिहून झालं की घरच्या गप्पा निघतात. त्यात आम्हाला हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. "ताई, घरावर डिश बसवली. मग तो जुना अँटेना भंगारात देऊन टाकू का?" प्रश्न साधा आहे, पण नीट उत्तर द्यायचं तर पन्नास वर्षं मागे जावं लागतं. म्हणून आजच्या भागात आपण अँटेना आणि डिश या दोघांचा इतिहास बघू. आपल्या घरात काय येतं आणि ते कोण ठरवतं, हे त्यातून समजतं.

आधी दोघांमधला फरक बघू. आडव्या दांड्यांचा अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्याकडे तोंड करून उभा असतो. मनोऱ्यातून निघालेल्या लहरी साधारण सरळ जातात. मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून मनोरा उंचावर बांधतात. पुण्याला १९७३ साली टीव्ही आला तो सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. छोट्या मनोऱ्याचा आवाका पंधरा-वीस किलोमीटर, मोठ्याचा त्याहून जास्त.

डिश, म्हणजे आपण जिला छत्री म्हणतो ती, आकाशातल्या उपग्रहाकडे बघते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो. त्यामुळे तो आपल्याला एकाच जागी थांबल्यासारखा असतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला, म्हणून महाराष्ट्रातल्या छत्र्यांचं तोंड दक्षिणेकडे, बहुतेक वेळा थोडं पूर्वेला झुकलेलं असतं. एक उपग्रह सगळ्या देशाला पुरतो. इतक्या लांबून आलेला सिग्नल फार क्षीण असतो, म्हणून मोठा पाऊस आला की चित्र जातं.

म्हणजे उपग्रह बोलतो तेव्हा एकाच वेळी सगळ्या देशाशी बोलतो, आणि मनोरा बोलतो तो आसपासच्या गावांशी. पुढचा सगळा इतिहास या फरकावर उभा आहे.

आपल्या देशात टीव्ही सुरू झाला दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ रोजी. मुंबईला तो आला २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढे 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम मुंबई केंद्रानेच घराघरांत नेला. पण सुरुवातीला टीव्ही शहराचाच होता. खेड्यापर्यंत मनोरे बांधत जायचं तर किती वर्षं लागली असती! विक्रम साराभाईंनी वेगळा विचार मांडला. उपग्रहाने थेट खेड्यात कार्यक्रम उतरवू, म्हणजे जो शेवटी आहे त्याला आधी मिळेल. त्यासाठी १९६९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेशी करार झाला. साराभाई डिसेंबर १९७१ मध्ये गेले. काम पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी नेलं.

१ ऑगस्ट १९७५ रोजी हा प्रयोग सुरू झाला. त्याचं नाव 'साइट'. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना मिळाला होता. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या सोलापूर-सांगलीला लागून असलेले विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. गावात शाळेजवळ किंवा पंचायतीजवळ एक छत्री उभी राहिली, जवळजवळ दहा फूट रुंद. ती बनवली होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसल्या तारेच्या जाळीची. महागडी वस्तू खेड्यात टिकायची नाही, म्हणून इस्रोच्या लोकांनी हा स्वस्त मार्ग काढला होता. सकाळी दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असायचे. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, बातम्या, थोडं गाणं-बजावणं. हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उडिया अशा चार भाषा होत्या.

काम मोठंच होतं. पण त्यात एक अडचण होतीच. राजस्थानची हिंदी वेगळी, बिहारची वेगळी. एका जिल्ह्यात पेरणी उरकली तरी दुसऱ्यात पाऊस नाही. वरून येणारी गोष्ट सगळ्यांना एकच. त्यात "आमच्या विहिरीला पाणी नाही" असं म्हणायला जागा कुठून असणार?

त्याच वर्षी गुजरातच्या खेडा जिल्ह्यात मात्र थोडं निराळं काम झालं. आणंदची अमूल डेअरी तेव्हा ज्या जिल्ह्यात होती, हे तेच खेडा. नडियादजवळच्या पीज या गावात इस्रोने एक किलोवॅटचा छोटा मनोरा बसवला. अहमदाबादला उपग्रहाचं केंद्र आणि स्टुडिओ होता. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून अहमदाबादला उतरायचा आणि पीजच्या मनोऱ्यावरून गावांत जायचा. आणि त्याच मनोऱ्यावरून गुजरातीत, खेड्याच्या बोलीत, खेडा जिल्ह्याचे स्वतःचे कार्यक्रमही लागायचे. गावात महाग छत्री लागत नव्हती. साधा दांड्यांचा अँटेना पुरत होता. उपग्रह आणि मनोरा असे दोन्ही शेजारी शेजारी चालले, आणि दोघांनी दोन वेगळी कामं केली.

गावांतले सार्वजनिक टीव्ही संच पुष्कळ ठिकाणी दूध सोसायटीच्या इमारतीत ठेवले होते. आपल्याला याचं महत्त्व लगेच कळेल. चावडीवर बाई जात नाही, पण संध्याकाळी दूध घालायला डेअरीवर जाते. तिथेच टीव्ही असला तर तिथे उभं राहायला तिला वेगळं कारण सांगावं लागत नाही.

कार्यक्रम बनवणारी मंडळी हलकी यंत्रं घेऊन गावात जायची. हुंडा, विधवेचं लग्न, शिवाशिव, शेतमजुरांची मजुरी असे विषय असायचे. 'चतुर मोटा' नावाची मालिका हुंड्यावर आणि विधवा पुनर्विवाहावर होती. 'दाद-फरियाद' नावाचा एक कार्यक्रम होता. त्यात गावकरी आपली तक्रार कॅमेऱ्यासमोर सांगायचे आणि संबंधित अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. रस्ता का झाला नाही, पंप का बंद आहे, मजुरी कमी का मिळते. गावचेच लोक नाटकात काम करायचे. जाहिराती नव्हत्या. १९८४ साली युनेस्कोने ग्रामीण संवादाच्या कामासाठी या प्रकल्पाला पुरस्कार दिला.

आम्हाला यातली गोष्ट अशी वाटते. ज्या कार्यक्रमात शेतमजूर बाई आपल्या मजुरीबद्दल बोलते आणि तो कार्यक्रम तिच्याच मालकाच्या गावातही दिसतो, त्या कार्यक्रमाला धार असते. दिल्लीहून मजुरीवर भाषण झालं तर कोणाला राग येत नाही, कारण ते कोणाच्याच नावाने नसतं. जवळचा आवाज टोचतो, म्हणूनच उपयोगी पडतो. आणि म्हणूनच तो टिकवणं अवघडही असतं.

साइटचा उपग्रह ३१ जुलै १९७६ नंतर परत गेला आणि जाळीच्या छत्र्या मुक्या झाल्या. काही भागांत नंतर मनोरे उभे राहिले, त्यात गुलबर्गाही होतं. खेड्याचा पीजचा मनोरा मात्र चालू राहिला, कारण तो जमिनीवर होता, आपला होता. तो बंद झाला १९८५ मध्ये. गावकऱ्यांनी विरोध केला, पण निर्णय वर झाला होता. उसना उपग्रह मालकाने परत नेला, हे समजण्यासारखं आहे. पण लोकांचा मनोरा लोकांना न विचारता बंद होऊ शकतो, हेही त्या गावांनी बघितलं.

याच काळात देशभर नवे मनोरे मात्र झपाट्याने उभे राहत होते. १९८३ साली आपला इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला. तालुक्याच्या गावी छोटी केंद्रं आली. केंद्राच्या आवारात मोठी डिश दिल्लीचा कार्यक्रम खाली घ्यायची आणि शेजारचा मनोरा तो घराघरांतल्या अँटेनाला वाटायचा. रचना पीजसारखीच होती, पण एक गोष्ट गळाली होती. अशा बहुतेक केंद्रांत स्टुडिओ नव्हता. वरून येईल ते पुढे सोडायचं, एवढंच काम. मनोरा जवळचा झाला, आवाज लांबचाच राहिला.

पण घरांना आनंद होता, तो खोटा नव्हता. वयाने मोठ्या असलेल्या मैत्रिणींना आठवेल, कौलांवर चढलेला पोरगा अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हा ज्या घरी टीव्ही त्या घरी रविवारी सकाळी आळी भरायची.

१९९० नंतर केबल आली. २००३ पासून घरावर छोट्या डिश बसू लागल्या. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची महिन्याचे पैसे न लागणारी डिश सेवा सुरू झाली, तिलाच आज फ्री डिश म्हणतात. डोंगराआडच्या वाडीत अँटेनाला जे कधी दिसलं नाही ते डिशने दाखवलं, हे मान्य केलंच पाहिजे. मग अँटेना ओस पडले आणि गेल्या काही वर्षांत दूरदर्शनचे बहुतेक जुने मनोरे बंद झाले. काही मोठ्या शहरांत २०१६ पासून नव्या डिजिटल पद्धतीचं मनोरा-प्रक्षेपण सुरू झालं. त्यात मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, ही आपली शहरं होती.

आता भंगाराच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या भागात असं प्रक्षेपण मिळतं का, हे जवळच्या दूरदर्शन केंद्रात विचारा. मिळत असेल आणि टीव्हीत ते पकडण्याची सोय असेल, तर डिश असतानाही अँटेना लावता येतो. डिशची वायर सेट-टॉप बॉक्सला जाते. अँटेनाची वायर थेट टीव्हीच्या मागे लावायची आणि रिमोटवरून हवं ते निवडायचं. रिचार्ज संपला किंवा पावसाने डिश बंद पडली तरी अँटेनाचं चित्र राहतं. दोन्ही वायरी पिळून एकत्र जोडू नका, कारण डिशच्या वायरीतून बॉक्स वर वीज पाठवत असतो. खांब विजेच्या तारांपासून लांब उभा करा, आणि गडगडाट सुरू झाला की वायर काढून ठेवा. प्रक्षेपण मिळत नसेल तर मात्र टीव्हीसाठी तो अँटेना निरुपयोगी आहे. खुशाल द्या भंगारात.

पण अँटेनाचं काम संपलं असं समजू नका. आपण आता ज्यावरून बोलतो आहोत त्या सामुदायिक रेडिओचा कार्यक्रमही मनोऱ्यावरूनच येतो. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या लहरी जनतेची मालमत्ता आहेत, सरकारची किंवा कोणा एकाची मक्तेदारी नाही. २००६ साली लोकांच्या संस्थांना छोटं रेडिओ केंद्र चालवायची वाट मोकळी झाली. २००८ मध्ये आताच्या तेलंगणातल्या झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांचा संगम रेडिओ सुरू झाला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. पीजला जे बंद पडलं, ते इथे बायकांनी हातात घेतलं.

आवाज खरखरत असेल तर रेडिओची दांडी पूर्ण बाहेर काढा, खिडकीजवळ ठेवा. दांडी तुटली असेल तर अडीच-पावणेतीन फुटांची साधी वायर तिथे जोडा. ज्या मोबाईलमध्ये एफएम आहे, त्यात बहुधा इयरफोन लावल्याशिवाय रेडिओ लागत नाही, कारण इयरफोनची वायर हाच त्याचा अँटेना.

डिश राहू द्या. मालिका बघा, बातम्या बघा, मुलांना अभ्यासाचं बघू द्या. पण रेशन का आलं नाही, अंगणवाडीचं छप्पर का गळतं, रोजगार हमीचे पैसे का अडकले, हे उपग्रह विचारणार नाही. ते विचारायला जवळचा मनोरा लागतो आणि त्यावर बोलणारी बाई लागते. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने असा एकच प्रश्न ठरवा, नीट लिहून काढा आणि बोलायला एकीला तयार करा. पहिल्यांदा बोलताना आवाज कापेल. कापू द्या. खेड्याच्या बायाही पहिल्यांदाच बोलल्या होत्या.